कु. क्ष, वय सतरा

शिवानंद आण्णांच्या दुकानात नियम एकच. कागद मोजायचा, वाचायचा न्हाय. लोक विश्वासानं आणून देतात, कुणाचा सातबारा असतो, कुणाच्या दवाखान्याचे रिपोर्ट, कुणाची कोर्टाची नोटीस. आपण काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, बटन दाबायचं. "आपल्याला डोळे न्हाईत असं समजायचं, बाई," असं त्यांनी दीपमालाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

आता दीपमालानं डोळे न्हाईत असं समजायचं म्हणजे मांजरानं दुधाकडं पाठ करून बसायचं. पोरीची नजर अशी, की कळंबच्या बाजारात उभी राहिली तर समोरच्या माणसाच्या खिशातल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय तेसुद्धा सांगंल. सव्वा वर्षात तिनं त्या दुकानात काय काय वाचलं त्याला गणती न्हाय. बारावीचं मानसशास्त्राचं पुस्तक तर सगळं वाचून झालं होतं. सरळ न्हाय, पोरं जसजशी पानं आणतील तसं. चौथा धडा आधी, पहिला नंतर, तिसऱ्यातलं मधलं पान राहिलेलं ते दिवाळीनंतर मिळालं. पण वाचलं होतं.

फेब्रुवारी लागला की दुकानावर बारावीवाल्यांची झुंबड उडायची. दुकान कॉलेजच्या गेटच्या अगदी समोर, आणि गेटसमोर झेरॉक्सचं दुसरं दुकान न्हाय. त्या दिवशी मानसशास्त्राचे प्रोजेक्ट दुपारी दोनच्या आत जमा करायचे होते. वीस मार्काचं काम. पोरं सकाळी नऊपासूनच सुट्या कागदांचे गठ्ठे घेऊन स्पायरल करायला उभी.

पहिला आला रणधीर. मोबाइलमधनं मान वर न काढताच त्यानं गठ्ठा काउंटरवर आपटला.

"ए दीपे, स्पायरल. मागं निळा लाव, काळा नको. साडेबाराला येतो."

"तुझं नाव तरी टाकलंस का वर?"

"सगळं हाय त्याच्यात. तू फक्त भोकं पाड."

गेला. दीपमालानं गठ्ठा ठोकून सरळ केला. वर प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, मग अनुक्रमणिका. एका वेळेला दहा-बारा पानं मशीनमध्ये घालायची आणि दांडा खाली ओढायचा, खटॅक. पहिला घास झाला. दुसरा घालताना सगळ्यात वरच्या पानावर नजर गेली आणि दांड्यावरचा हात तसाच राहिला.

'व्यक्ती-अभ्यास. नाव : कु. क्ष (गोपनीयतेसाठी नाव बदलले आहे). वय : सतरा. शिक्षण : अकरावीतून गळती. सध्या महाविद्यालयाच्या गेटसमोरील झेरॉक्सच्या दुकानात काम करते. डाव्या भुवईवर जखमेची जुनी खूण. स्वभाव : अत्यंत रागीट.'

तिचा हात आपोआप भुवईवर गेला. लहानपणी बैलगाडीच्या जुवावरनं पडली होती, तिथं अजून केस उगवत न्हाईत.

गेटसमोर झेरॉक्सची दुकानं किती? एक. त्यात काम करणाऱ्या पोरी किती? एक. भुवई फुटलेल्या किती? मग नाव बदलून काय झाकलं ह्यानं, डोंबल?

तिनं पुढं वाचलं. वडील व्यसनी. आई उदासीन. घरात सतत भांडणे. बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा कमी. न्यूनगंड, म्हणजे आपण इतरांपेक्षा कमी आहोत असं सारखं वाटणं, तो तीव्र स्वरूपाचा. लक्ष वेधून घेण्याची वृत्ती. आणि खाली एक ओळ, 'संशोधकाने कु. क्ष हिच्याशी तीन वेळा सविस्तर चर्चा केली.'

संशोधक म्हणजे रणधीर.

दीपमालानं आठवून बघितलं. रणधीर तिच्याशी आयुष्यात किती वेळा बोलला होता? एकदा म्हणाला होता, "पाठपोट काढ." एकदा म्हणाला, "लई फिकट आलंय." आणि आज निळा कागद. तीन भरले खरे.

रणधीरचा गठ्ठा तिनं बाजूला ठेवला. उगीच राग नको म्हणून पुढचा उचलला. त्यात पान नऊवर कु. क्ष. तिसरा उचलला. कु. क्ष. चौथ्यात, पाचव्यात तेच. साडेअकरापर्यंत दुकानात आलेल्या अठरा प्रोजेक्टांपैकी अकरांत ती बसली होती, आणि प्रत्येकात जरा जरा बदलून. एकमेकांचं बघून लिहिताना कुणाला अक्षर लागलं न्हाय, कुणाला वाटलं आपलं जरा वेगळं दिसावं. रणधीरच्या गठ्ठ्यात बाप व्यसनी होता, चौथ्यात तो दारू पिऊन मरूनच गेला. तिचा बाप, योगीराज, तिकडं टेम्पोत कडबा भरून माकणीला गेलेला. दारू कुठली, त्याला चहा पिला तरी पित्त होतं. सहाव्यात आई 'बालपणीच वारली' होती. त्याच आईनं पहाटे चुलीपुढं बसून केलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काउंटरखाली डब्यात होती, अजून कोमट. आठव्यात 'ती एका मुलासोबत पळून गेली व नंतर परत आली' असं होतं. दहाव्यात तर ती पोरगीच राहिली न्हाय. 'कु. क्ष हा रात्री घराबाहेर राहतो.'

आणि अकराच्या अकरांत शेवटी एकच ओळ, एका शब्दाचा फरक न्हाय. 'कु. क्ष हिला समुपदेशनाची नितांत गरज आहे.'

समोरच्या टपरीवरनं महारुद्र चहा घेऊन आला. आण्णा बँकेत गेलेले. त्यानं दीपमालाचं तोंड बघितलं आणि ग्लास लांबूनच सरकवला.

"काय गं, कुणावर तापलीस?"

दीपमालानं त्याला उभ्या उभ्या वाचून दाखवलं. महारुद्र ऐकत होता. ऐकता ऐकता हसायला लागला.

"दात काय काढायलास?"

"तुझी बारी आली म्हणून हसायलोय. बारा वर्षं म्या होतो त्यात."

ही गोष्ट दीपमालाला ठाऊक होती, पण तिचा अर्थ आज लागला. महारुद्र सोळा वर्षांचा असताना घरी भांडून पळाला आणि बसस्टँडवरच्या एका हॉटेलात कपबशा धुवायला राहिला. चार महिन्यांनी घरी परत गेला. विषय मिटला. पण त्या चार महिन्यांत कुणा एका पोरानं त्याच्यावर व्यक्ती-अभ्यास लिहिला, 'कुमार अ, वय सोळा', आणि तो प्रोजेक्ट कॉलेजच्या कपाटात गेला. पुढच्या वर्षीच्या पोरांनी कपाटातनं काढून उतरवला. त्याच्या पुढच्यांनी त्यांचा. महारुद्रचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, स्वतःची टपरी झाली, थोरली पोरगी शाळेत जायला लागली. कपाटातला महारुद्र सोळाचाच राहिला. दर फेब्रुवारीत घरातनं पळून जायचा आणि दर फेब्रुवारीत त्याला समुपदेशनाची नितांत गरज असायची.

"औंदा मानसशास्त्राचे सर म्हणले म्हणं, जुनी केस पुरं झाली, नवीन आणा," महारुद्र म्हणाला. "तवा म्या सुटलो. आता तू बस बारा वर्षं."

"तुला राग कसा येईना रं?"

"कुणावर आणायचा? सर चहा प्यायला इथंच येतात." त्यानं रिकामे ग्लास गोळा केले. जाता जाता मात्र थांबला. "एकदा एक पोरगं माझ्याच टपरीवर बसून माझंच लिहीत होतं. मलाच इचारलं, पेन हाय का म्हणून. दिला मी."

तो गेला. दीपमाला बारा वर्षांचा हिशेब करत राहिली. बारा वर्षांनी आपण एकोणतीसच्या. असू कुठं तरी. आणि इथं कपाटात एक सतरा वर्षांची पोरगी, कमी बुद्धीची, बाप मेलेली, आई मेलेली, पोरासोबत पळालेली. तिच्या गावची पोरं दरसाल ह्याच कॉलेजात येतात. उद्या मावशीची पोरगी येईल. तीही हेच उतरवून काढंल, सुवाच्य अक्षरात.

खरं तर शाळा सोडायला एकच कारण होतं आणि ते अकरांपैकी एकात बी नव्हतं. ते कारण म्हणजे सकाळची गाडी.

दीपमाला अकरावीला होती तेव्हा आर्ट्सचा पहिला तास साडेसातला भरायचा. गावाकडची गाडी सव्वासातला कळंबात यायची. दसऱ्यानंतर गाडीची वेळ बदलली, ती सात पन्नासला यायला लागली. दुसरी गाडी न्हाय. पहिला तास मानसशास्त्राचा, शिवकुमार सरांचा. दीपमाला रोज स्टँडपासून पळत यायची आणि रोज आठला दारात उभी. सर हजेरी घेऊन मोकळे झालेले. आधी टोमणे. "आल्या बघा महाराणी." मग बाहेर उभं करणं. मग हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत नाव.

आणि मग तो दिवस. सर 'अवधान' शिकवत होते, लक्ष कसं वेधलं जातं ते. दारात दीपमाला. सरांचं तोंड खुललं.

"या, या. उदाहरण चालत आलं. इथं उभी राहा, फळ्याजवळ. हां, मुलांनो, काही जण मुद्दाम उशिरा येतात. का? सगळ्यांनी आपल्याकडं बघावं म्हणून. आता नीट निरीक्षण करा आणि हिच्यातली पाच लक्षणं वहीत लिहा."

अडतीस पोरांनी वह्या उघडल्या. तिच्याकडं बघायची, खाली वाकून लिहायची. पुन्हा बघायची. पळत आल्यामुळं तिला धाप लागलेली, चेहरा लाल, तेही कुणीतरी लिहिलं असंल. पहिल्या बाकावर महेश्वरी होती, तिची शाळेपासूनची जोडीदारीण. महेश्वरीनं वर बघितलं, खाली बघितलं आणि लिहिलं.

दीपमालानं दप्तरातनं पास काढला आणि टेबलावर ठेवला. "सर, गाडीची वेळ इचारा स्टँडवर. सात पन्नासला येती."

सर वर्गाकडं वळून म्हणाले, "कारणं सांगणं. लिहा, सहावं लक्षण."

वर्ग हसला. दीपमालानं टेबलावरचा खडूंचा डबा उचलला आणि फेकला. सरांवर न्हाय, भिंतीवर. पण फेकला, ही खरी गोष्ट, तिनं कधी नाकारली न्हाय. सरांनी सांगितलं, वडिलांना घेऊन ये आणि 'माझं चुकलं' असं लिहून दे. योगीराज टेम्पो सोडून आला. दोन तास ऑफिसबाहेर उभा राहिला. पोरीला म्हणाला, "लिही की बाई, एका ओळीनं काय जातंय." ती म्हणाली, "आधी त्यांनी गाडीचं लिहावं, मग म्या खडूचं लिहिते." सरांनी लिहिलं न्हाय, तिनं लिहिलं न्हाय. झालं, एवढीच गळती.

आता ती त्याच सात पन्नासच्या गाडीनं येते. आण्णांचं दुकान नऊला उघडतं. गाडी तीच, पोरगी तीच, पण दुकानात ती रोज तासभर लवकर असते.

साडेबाराला पोरं आली. रणधीर पुढं. महेश्वरी सगळ्यात मागं. आण्णाही बँकेतनं परतून गल्ल्यामागं बसलेले.

"झालं का गं?"

"सात जणांचं झालंय. ते घेऊन जावा." दीपमालानं तयार प्रोजेक्ट पुढं सरकवले. मग अकरा सुटे गठ्ठे काउंटरवर एकावर एक ठेवले आणि त्यावर हात ठेवला. "हे व्हायचे न्हाईत."

"का? मशीन बिघडलं?"

"मशीन चांगलंय. तुझं बिघडलंय. माझा बाप कधी दारू पिला रं, रणधीर? तू ओतून दिलतीस काय?"

रणधीरनं पहिल्यांदा मोबाइल खिशात घातला. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक पोरगी हळूच म्हणाली, "वाचलं हिनं."

"वाचलं. अकराच्या अकरा वाचले. कुणी मला पळवून लावलंय, तेवढं पुढं या. कुणासंग पळाले ते तरी सांगा, मला बी कळू द्या."

रणधीर म्हणाला, "अगं प्रोजेक्ट हाय तो. कोण वाचतंय?"

"पुढच्या साली वाचतेत की सगळे! महारुद्रचं बारा वर्षं कपाटातनंच उतरवत हुते ना?"

"दीपमाला," आण्णा मागनं म्हणाले, "वाचायचं न्हाय हे ठरलंय आपलं."

"ठरलंय, आण्णा. पण माझ्याबद्दल लिहायचं न्हाय असं बी कुठं ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं. आता म्या वाचलं."

एवढ्यात गेटमधनं शिवकुमार सर आले. उशीर का होतोय ते बघायला आले असतील, किंवा चहाला. पोरांनी वाट करून दिली. सरांनी सगळं ऐकलं, रणधीरच्या गठ्ठ्यातलं पान नऊ काढलं, चष्मा सरकवून बघितलं. मग हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"यात तुझं नाव कुठं आहे? दाखव मला."

"भुवई हाय, सर. दुकान हाय. वय हाय. आता आधार कार्ड चिकटवायचं राहिलंय."

"हे बघ, हे शैक्षणिक काम आहे. व्यक्तिगत घ्यायचं नसतं. मांडणी मीच फळ्यावर दिली होती, मुलांनी ती भरली. चुका झाल्या असतील थोड्याफार."

"थोड्याफार? माझ्या आईला मारलं, सर, सहाव्या गठ्ठ्यात! डबा करून दिलाय तिनं सकाळी, हे बघा!" तिनं खालनं डबा काढून काउंटरवर आदळला. झाकण उडालं. भाकरीचा वास सुटला आणि कुणी हसलं न्हाय.

"राग," सर मुलांकडं वळून म्हणाले, शिकवल्यासारखं. "बघा, म्हणजे निरीक्षण अगदीच चुकलेलं नाही."

दीपमालाच्या कानशिलातनं आग निघाली. हाताशी खडूचा डबा नव्हता, पंचिंग मशीन होतं, आणि ते लई जड होतं, म्हणून वाचलं सगळं. तिनं दोन्ही हात काउंटरच्या कडेला गच्च धरले.

"तवा बी तुम्ही मला फळ्याजवळच उभं केलतं, सर. आता फळ्यावर लिहून दिलंत. तुमच्याच पुस्तकात हाय, म्या वाचलंय, ज्याचा अभ्यास करायचा त्याला आधी इचारायचं. त्याची परवानगी घ्यायची. त्याची मुलाखत घ्यायची. हितं तुमच्या दारापासनं माझ्या दुकानापर्यंत वीस पावलं न्हाईत. अकरापैकी एकाला बी ती चालवली न्हाईत? म्या काय चावते काय? आणि चावत असले तरी ते बी येऊन बघायला पायजे हुतं, तुम्हीच निरीक्षण म्हणता ना!"

"शाळा सोडलेल्या मुलीनं मला पुस्तक शिकवू नये."

"शाळा सोडली न्हाय म्या. सात पन्नासची गाडी तुमच्या साडेसातच्या तासाला पोचत नव्हती. लिहा की हे कुठं तरी. एका ओळीनं काय जातंय?"

सरांनी घड्याळात बघितलं. "शिवानंदराव, दोनला जमा करायचंय. मुलांचं वर्षाचं नुकसान होईल. तुम्ही देताय करून, का यांना स्टँडवरच्या दुकानात पाठवू?"

आण्णा उठले. ते वाईट माणूस न्हाईत, पण भांडण आलं की त्यांचे गुडघे दुखतात. दीपमालाच्या खांद्याला हात लावून त्यांनी तिला मशीनपासनं बाजूला केलं. "कागद त्यांचा हाय, बाई."

"कागद त्यांचा, पण आत म्या हाय."

आण्णांनी दांडा खाली ओढला. खटॅक. खटॅक. ते स्वतः भोकं पाडायला लागले. मग काळी स्प्रिंग गोल गोल फिरवत भोकांतनं ओवायची, टोक चिमट्यानं वळवायचं. रणधीरला निळा कागद मिळाला. एकेक पोरगं आपापला प्रोजेक्ट घेऊन खाली मान घालून गेटमध्ये शिरत होतं. सर त्यांच्या मागं गेले. दीपमाला डब्याचं झाकण शोधायच्या निमित्तानं खाली वाकली ती वाकलेलीच राहिली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लक्षण तिला कुणाच्या वहीत जाऊ द्यायचं नव्हतं.

दहा झाले. आण्णांनी अकरावा गठ्ठा मशीनकडं ओढला, तर त्यावर कुणाचा तरी हात.

"माझा राहू द्या, आण्णा," महेश्वरी म्हणाली.

दीपमाला वर आली. "तू कशाला थांबलीस? जा की. तुझ्यात तर म्या पोरगा हाय, दहाव्या नंबरला. रात्री बाहेर राहतो म्हणं."

महेश्वरी काळी ठिक्कर पडली. "उतरवताना लक्ष नव्हतं माझं."

"लक्ष नव्हतं! 'अवधान'चा धडा पाठ हाय ना तुला? पहिल्या बाकावर बसून पाच लक्षणं लिहिलीस. कुठली पाच लिहिलीस गं? सांग की. सव्वा वर्ष झालं, म्या रोज इचार करते, महेश्वरीनं काय लिहिलं असंल."

"चारच लिहिली होती," महेश्वरी म्हणाली. "पाचवं सुचलं न्हाय."

"लई उपकार केलेस."

महेश्वरीनं गठ्ठ्यातनं पान नऊ काढलं, दहा काढलं, अकरा काढलं. तिन्ही मिळून आडवी फाडली, उभी फाडली, आणि काउंटरखालच्या कागदांच्या पोत्यात टाकली. आण्णा "अगं अगं" म्हणेपर्यंत झालं सुद्धा.

"दोनला पाऊण तास हाय," ती म्हणाली. "कोरे कागद दे. तीन."

"सर मार्क द्यायचे न्हाईत तुला."

"न्हाय देणार. माहीत हाय मला." तिनं दप्तर खाली ठेवलं, पेनाचं टोपण दातात धरून काढलं आणि काउंटरवर वाकली. "सांग. शाळा का सोडलीस?"

दीपमाला भडकली. "तुला माहीत न्हाय व्हय? समोर बसली हुतीस की!"

"माहीत हाय. तरी इचारावं लागतंय. तूच म्हणलीस, पुस्तकात हाय."

सव्वा वर्ष दीपमालानं हे उत्तर तयार ठेवलेलं. गाडीत बसून, मशीनवर उभी राहून, हजार वेळा मनात म्हणून बघितलेलं. आणि आता विचारल्यावर पहिला शब्दच सापडंना. तिनं चहाचा उरलेला गार घोट घेतला. समोर टपरीवर महारुद्र किटली धरून इकडंच बघत उभा होता.

"लिही," ती म्हणाली. "दसऱ्यानंतर गाडीची वेळ बदलली."

महेश्वरी लिहायला लागली. गाडी लिहिली. स्टँडपासनं पळत यायचं लिहिलं. बाप टेम्पो चालवतो आणि त्याला चहा सोसत न्हाय, हे लिहिलं. आई जिवंत आहे, हे दीपमालानं दोनदा लिहायला लावलं. खडूचा डबा आला तेव्हा महेश्वरीनं पेन थांबवला. "हे घालू का? तुझ्या विरोधात जाईल."

"घाल. फेकला की म्या. आणि त्याच्या आधी हे घाल, पहिल्या बाकावरच्या पोरीनं चार लक्षणं लिहिली."

महेश्वरीची मान खालीच होती. पेन थोडा वेळ कागदावर नुसता टेकून राहिला, तिथं शाईचा ठिपका पडला. मग तिनं ते लिहिलं, सुवाच्य अक्षरात, बाकीच्यासारखंच.

"सरांचं नाव कसं टाकू?"

"येडी हाईस का? नाव टाकायचं नसतं. गोपनीयता असती." दीपमाला काउंटरवर पुढं झुकली आणि गेटकडं बघत सांगायला लागली. "लिही. श्री. क्ष. वय पंचेचाळीस. गेटमधनं आत गेल्यावर डाव्या हाताच्या पहिल्या खोलीत मानसशास्त्र शिकवतात. उजव्या हातात दोन अंगठ्या. चष्मा नाकावर घसरतो."

"स्वभाव?"

दीपमालाच्या जिभेवर चार शब्द आले, एकापेक्षा एक. चारही तिनं गिळले.

"स्वभावापुढं जागा मोकळी सोड," ती म्हणाली. "ते त्यांना इचारून भरायचं."